न्हाणीघरातला रेकॉर्डिस्ट

10 जुलै 1962 रोजी अमेरिकेतून 'टेलस्टार' नावाचा उपग्रह अवकाशात गेला. कम्युनिकेशनच्या पुस्तकात हे नाव एका ओळीत येतं आणि परीक्षा झाली की आपण विसरून जातो. पण याच उपग्रहामुळे अटलांटिकच्या पलीकडचं थेट टीव्ही चित्र युरोपात पहिल्यांदा दिसलं. लंडनमध्ये एका भाड्याच्या घरात ते चित्र बघून एक माणूस इतका भारावला की त्याच्या डोक्यात एक चाल घोळू लागली. 17 ऑगस्टला त्या चालीची रेकॉर्ड बाजारात आलीसुद्धा! नाव तेच, 'टेलस्टार'. वाजवणारा बँड 'टॉर्नेडोज'. ब्रिटनमध्ये ती पहिल्या क्रमांकावर गेली आणि डिसेंबरात अमेरिकेतही. अमेरिकेच्या हॉट 100 यादीत पहिला क्रमांक मिळवणारा हा पहिला ब्रिटिश बँड. बीटल्स तिथे पोचायला अजून वर्षाहून जास्त वेळ होता. (आपल्या होस्टेलवरच्या 'म्यूज' भक्तांसाठी: या बँडचा गिटारिस्ट जॉर्ज बेलामी म्हणजे मॅट बेलामीचे वडील!)

आता खरी गंमत. ही रेकॉर्ड कुठल्या मोठ्या स्टुडिओत झाली नाही. 304, हॉलोवे रोड या पत्त्यावर चामड्याच्या वस्तूंचं दुकान होतं. त्याच्या वरच्या खोल्यांत एकट्या राहणाऱ्या भाडेकरूने वायरी, टेपरेकॉर्डर आणि माइक कोंबून थाटलेल्या घरगुती स्टुडिओत ती झाली. त्या भाडेकरूचं नाव जो मीक.

मीकबद्दल लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. आमच्या म्युझिक ग्रुपमध्ये सध्या एकच विषय चालू आहे: कॉन्ट्री काढून काय घ्यायचं? एक जण म्हणतो मोठा कंडेन्सर माइक, दुसरा म्हणतो मिडी कीबोर्ड, तिसऱ्याला स्टुडिओ मॉनिटर्सच पाहिजेत. रोज रात्री मेसनंतर रिव्ह्यू बघत बसतो आणि त्या नादात गेल्या महिन्यात एकही गाणं पूर्ण झालेलं नाही. अशा वेळी मीकचं चरित्र हाती लागलं आणि वाटलं, या प्रश्नावर बोलायचा अधिकार असेल तर याच माणसाला!

रॉबर्ट जॉर्ज मीक ऊर्फ जो याचा जन्म 5 एप्रिल 1929 चा, इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या न्यूएंट या छोट्या गावातला. इतर पोरं मैदानावर असायची तेव्हा हा बागेतल्या शेडमध्ये जुने रेडिओ उघडून बसलेला. सक्तीची लष्करी सेवा आली तेव्हा हवाई दलात रडार तंत्रज्ञ झाला. 1953 च्या सुमारास तिथल्या वीज मंडळात नोकरीला लागला. म्हणजे थोडक्यात काय, माणूस आपल्या जातकुळीचा! याच काळात त्याने तबकडी कोरायचं यंत्र मिळवलं आणि आवाज पकडायचा नाद सुरू झाला.

पुढे तो लंडनला आला आणि आयबीसी या स्टुडिओत साउंड इंजिनिअर झाला. त्या काळी रेकॉर्डिंगचा फंडा साधा होता. हॉलमध्ये जसं वाजतं तसं टेपवर उतरलं पाहिजे. माइक वाद्यापासून अदबीने लांब ठेवायचा आणि मीटरची सुई लाल पट्ट्यात जाऊ द्यायची नाही. ईएमआयच्या स्टुडिओत तर तंत्रज्ञ पांढरे कोट घालून काम करायचे, एखाद्या लॅबमध्ये असावेत तसे. मीकला हे पटेना. त्याने माइक वाद्याला जवळजवळ चिकटवले, आवाज मुद्दाम दाबला, फुगवला, तोडला. 1956 साली हंफ्री लिटल्टन या जॅझवाल्याच्या 'बॅड पेनी ब्लूज' या रेकॉर्डवर त्याने पियानोचा आवाज असा काही दाबला की वाजवणाऱ्यालाच ते फारसं रुचलं नाही म्हणतात. रेकॉर्ड मात्र पहिल्या वीसात गेली!

त्यानंतर लॅन्सडाउन स्टुडिओ. तिथेही मालकाशी पटलं नाही आणि 1959 मध्ये तो बाहेर पडला. 1960 साली भागीदारीत 'ट्रायम्फ' नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. त्यांचं एक गाणं पहिल्या दहात गेलं, पण मागणीइतक्या तबकड्या छापायची ताकद छोट्या कंपनीत नव्हती. कंपनी सोडून मीक हॉलोवे रोडवर आला. पैसा एका उद्योजकाने लावला. मीकने गाणं घरात तयार करायचं आणि पक्की टेप मोठ्या कंपन्यांना द्यायची, असा धंदा. तेव्हा ब्रिटनमध्ये हे जवळपास कुणी करत नव्हतं.

आता आपल्या मुद्द्यावर येऊ. मीकने काय घेतलं आणि काय नाही?

माझ्या मते त्याच्या स्टुडिओचे तीन भाग पडतात: विकत घेतलेलं, हाताने बनवलेलं आणि फुकटातलं.

विकत घेतलेल्यात मुख्य म्हणजे टेपरेकॉर्डर. एक दोन ट्रॅकचा आणि एक मोनो. बस्स! सगळा आवाज ज्याच्यातून जाणार तिथे त्याने हात आखडला नाही. आज आपण लॅपटॉपवर शंभर ट्रॅक उघडतो आणि निर्णय पुढे ढकलत राहतो. मीकची रीत वेगळी. आधी बँड एका टेपवर घ्यायचा, मग ती टेप वाजवत तिच्यावर गायक किंवा दुसरं वाद्य मिसळून दुसऱ्या यंत्रावर उतरवायचं. पुन्हा तेच. दर कॉपीला नॉइज वाढतो, वरच्या फ्रीक्वेन्सी मरतात आणि मिसळलेलं परत वेगळं काढता येत नाही. म्हणजे ढोल किती मोठा हे पहिल्या फेरीतच ठरवायला लागायचं. या अडचणीनेच त्याला घाईने आणि ठामपणे निवड करायला शिकवलं, असं मला वाटतं.

दुसरी महत्त्वाची वस्तू म्हणजे क्लॅव्हियोलिन. फ्रान्समध्ये 1947 साली कॉन्स्टंट मार्टिन यांनी बनवलेला हा छोटा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. आत व्हॉल्व्ह, एका वेळी एकच सूर, पियानोला खालून अडकवून वाजवायचा. आता म्हणाल हे आपण कुठे ऐकणार? ऐकलंय! 1954 च्या 'नागिन' चित्रपटातली ती पुंगी आठवा. तो आवाज पुंगीचा नव्हेच. हेमंतकुमारांच्या संगीतात कल्याणजींनी (आनंदजींच्या जोडीतल्या) तो क्लॅव्हियोलिनवर काढला होता. एकच वाद्य, मुंबईत त्यातून साप डोलला आणि लंडनमध्ये उपग्रह उडाला! 'टेलस्टार'ची मुख्य चाल याच वाद्यावर आहे. बँडचं वाजवून झाल्यावर जेफ गॉडार्ड या मीकच्या साथीदाराने ती वरून वाजवली. वाद्य स्वतः 'क्रिएटिव्ह' नसतं, घेणाऱ्याला त्यात काय ऐकू येतं हे महत्त्वाचं, याला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

हाताने बनवलेल्या गोष्टी तर इंजिनिअरिंगच्या पोरांनी मुळातून वाचाव्यात अशा. मोठ्या स्टुडिओत प्रतिध्वनीसाठी स्वतंत्र खोल्या असायच्या. मीककडे कुठल्या? त्याने बिघडलेल्या हीटरमधली स्प्रिंग काढली आणि तिच्यापासून रिव्हर्ब युनिट केलं. तत्त्व सोपं आहे. स्प्रिंगच्या एका टोकाला सिग्नलने थरथरवायचं. लहर दुसऱ्या टोकापर्यंत जाते, आपटून परत येते, पुन्हा जाते. दुसऱ्या टोकाला पिकअप लावला की मूळ आवाजामागे एक लांबलेली शेपटी मिळते. कॉम्प्रेसरही त्याने स्वतःच जमवले. हे सगळं तो एका डब्यात बंद करून ठेवायचा आणि आत काय आहे ते कुणाला सांगायचा नाही.

आणि फुकटातलं? अख्खं घर! गायकाला न्हाणीघरात उभं करायचं, कारण फरशीवरून आवाज उसळतो. व्हायोलिनवाले जिन्यात. 1964 साली 'हनीकोंब्स' या बँडच्या 'हॅव आय द राइट' या गाण्यात ढोल कमी पडतोय असं वाटल्यावर त्याने सगळ्यांना लाकडी जिन्यावर उभं करून पाय आपटायला लावले. माइक जिन्याच्या कठड्याला अडकवले होते ते कशाने? सायकल चालवताना पॅन्टच्या पायाला लावतात त्या क्लिपांनी! गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर. खाली घरमालकीणबाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या म्हणतात, आणि हा पठ्ठ्या आणखी मोठ्याने लावायचा. (आमच्या रेक्टर सरांनी कृपया हा परिच्छेद वाचू नये.)

एक गोष्ट राहिलीच. मीकला कुठलंही वाद्य वाजवता येत नव्हतं, नोटेशन वाचता येत नव्हतं आणि सुरात गाताही येत नव्हतं. चाल सुचली की तो दुसऱ्याच एखाद्या ट्रॅकवर बेसूर गुणगुणून टेप करायचा आणि वादकांनी त्यातून काय ते शोधायचं! 'टेलस्टार'चा जन्म असाच झालेला. म्हणजे त्याची खरी कमाई यंत्रं नव्हती, कान होता. हवा तो आवाज त्याला आधी ऐकू यायचा, खरेदी नंतर. आमच्या ग्रुपचं नेमकं उलट चाललंय. आधी वस्तू, मग तिचं काय करायचं ते बघू!

इथवर वाचून मीक म्हणजे जुगाडाचा राजा, एवढंच चित्र घेऊन कुणी थांबू नये. पुढचा भाग कठीण आहे, पण तो टाळून हे चरित्र पुरं होत नाही.

'टेलस्टार' लाखोंनी खपली, पण मीकला त्या पैशाचं सुख मिळालं नाही. 1963 मध्ये एका फ्रेंच संगीतकाराने चाल चोरल्याचा दावा लावला आणि रॉयल्टी कोर्टात अडकली. त्याच वर्षी त्याला अटकही झाली. तो समलिंगी होता आणि तेव्हाच्या ब्रिटनमध्ये तो गुन्हा होता. नाव पेपरात आलं, त्यातून धमकावणारे मागे लागले. बीटल्सच्या लाटेत लोकांची आवड झपाट्याने बदलली, गाणी चालेनात, कर्ज वाढलं. झोप उडवणाऱ्या गोळ्या सुरू होत्याच. मोठ्या कंपन्या भिंतीत माइक लपवून आपल्या कल्पना चोरतात, असं त्याला खरोखर वाटायला लागलं. जो माणूस घरभर माइक लावायचा त्यालाच घरात लपवलेल्या माइकची भीती! जवळचे लोक एकेक करून दूर गेले.

3 फेब्रुवारी 1967 रोजी त्याने त्याच घरात घरमालकीण व्हायोलेट शेंटन यांना बंदुकीने मारलं आणि मग स्वतःला. वय 37. ज्या बाईंनी वर्षानुवर्षं त्याचा गोंगाट सोसला त्यांचा यात काही दोष नव्हता. हे लिहिताना हात अडखळतो, पण किमयागाराच्या गोष्टीत त्या बाईंना विसरून जाणं मला बरोबर वाटत नाही. त्याच्या मृत्यूनंतर 'टेलस्टार'चा निकाल मीकच्या बाजूने लागला.

त्याच्या मागे हजाराहून जास्त टेप उरल्या. चहाच्या पेट्यांत भरलेला तो ढीग एका संगीत व्यावसायिकाने थोड्याशा पैशांत घेतला आणि जपला. 2020 साली तो एका रेकॉर्ड कंपनीकडे गेला, तेव्हापासून त्यातलं ध्वनिमुद्रण लोकांपर्यंत येतंय. 2014 मध्ये ब्रिटनच्या 'एनएमई' साप्ताहिकाने निर्मात्यांची यादी केली, तीत पहिलं नाव मीकचं होतं. आणि 1990 च्या दशकात बाजारात 'जोमीक' नावाचे हिरवे कॉम्प्रेसर आले. जो माणूस आपला डबा कुणाला उघडू देत नव्हता त्याचंच नाव डब्यावर!

मग आमच्या कॉन्ट्रीचं काय? मी ग्रुपपुढे ठेवलेला हिशेब असा. सगळा आवाज ज्यातून जाणार ती वस्तू नीट घ्यायची: एक साधा ऑडिओ इंटरफेस आणि एक दणकट डायनॅमिक माइक. होस्टेलच्या पंख्याच्या घरघरीत कंडेन्सर पंखाच जास्त ऐकवेल. दुसरं, एक तरी वस्तू अशी हवी जिचा आवाज आपल्यापैकी कुणालाच नीट माहीत नाही. ती जुन्या बाजारातली चालेल. तिसरं, रिव्हर्ब विकत आणायचा नाही. दुसऱ्या मजल्यावरची बाथरूम दुपारी रिकामी असते. स्प्रिंगवाला युनिट ईएनटीसीच्या दोघांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून करावा. मात्र ऑपअँप आणि बॅटरीवर; मीकसारखा हीटर उघडायला जाऊ नये! आणि जी वस्तू का पाहिजे हे एखाद्या ठरावीक गाण्याचं नाव घेऊन सांगता येत नाही, ती यादीतून बाद.

चौथा मुद्दा यादीत मावत नाही, तरी लिहितो. मीकचं घर वस्तूंनी भरत गेलं आणि माणसांनी रिकामं होत गेलं. आपल्याकडे उलट आहे. पैसे नाहीत, पण एका हाकेवर जिन्यात पाय आपटायला वीस जण येतील. ज्याची खोली दोन-तीन दिवस आतून बंद दिसते त्याचं दार तेवढं ठोठावत जाऊ. रेकॉर्डिंगला बोलवायचंय, हे कारण पुरे आहे.

यादी कॉमन रूमच्या बोर्डावर लावली आहे. दुरुस्त्या पेन्सिलने कराव्यात.