जॉन मर्सर लँग्स्टन : सनद मिळवणारे आणि सनदेची वाट खुली करणारे

अमेरिकेत गुलामगिरी कायदेशीर होती, त्या काळी जॉन मर्सर लँग्स्टन हे कृष्णवर्णीय गृहस्थ वकील झाले आणि पुढे इतरांना वकील घडवणारे शिक्षकही झाले. विद्यालयाच्या स्मरणिकेत त्यांचे स्मरण करावयाचे ते मुख्यतः या दुसऱ्या कार्यासाठी.

लँग्स्टन यांचा जन्म १४ डिसेंबर १८२९ रोजी व्हर्जिनिया राज्यात झाला. वडील राल्फ क्वार्ल्स हे गोरे मळेमालक. आई ल्यूसी लँग्स्टन या त्यांनीच दास्यमुक्त केलेल्या स्त्री. आई मुक्त असल्याने मूलही जन्मतः स्वतंत्र ठरले. १८३४ मध्ये आईवडील दोघेही निवर्तले आणि पोरक्या जॉनला ओहायो राज्यात नेण्यात आले. कृष्णवर्णीयांनाही प्रवेश देणाऱ्या तेथील ओबर्लिन महाविद्यालयातून ते १८४९ मध्ये पदवीधर झाले.

त्यांना कायदा शिकावयाचा होता. न्यूयॉर्क राज्यातील एका विधी विद्यालयाने प्रवेश नाकारला. फ्रेंच वा स्पॅनिश असल्याचे भासवल्यास मार्ग निघेल, असेही सुचवले. स्वतःची ओळख पुसून मिळणारा प्रवेश लँग्स्टन यांनी स्वीकारला नाही. अखेर फिलेमन ब्लिस या वकिलांच्या हाताखाली अभ्यास करून १८५४ मध्ये ते परीक्षेस बसले. त्यांच्या ज्ञानात उणे काढता आले नाही. तरीही वकिली गोऱ्यांपुरती मानली जात असल्याने, त्यांच्यात गोऱ्या रक्ताचा अंश अधिक आहे असे ठरवून मगच सनद देण्यात आली. केवढी ही विटंबना! कायद्याने त्यांना गोऱ्यांत गणले. ते मात्र आयुष्यभर आपल्या बांधवांतच उभे राहिले. १८५५ मध्ये ब्राउनहेल्म येथील मतदारांनी त्यांना नगर-लिपिक म्हणून निवडून दिले. कृष्णवर्णीय व्यक्तीने निवडणुकीने मिळवलेल्या देशातील पहिल्या काही पदांत त्याची गणना होते.

यादवी युद्धात त्यांनी कृष्णवर्णीय पलटणींसाठी सैनिक भरती केली. युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांसाठी स्थापन झालेल्या सरकारी खात्यात ते शाळांचे निरीक्षक झाले. पुढे वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी विधी विभाग उभारला आणि त्याचे पहिले अधिष्ठातापद भूषवले. ज्यांना विधी विद्यालयांची दारे बंद होती, त्यांच्यासाठी हे दार उघडले. देशातील पहिल्या कृष्णवर्णीय महिला वकील शार्लट रे १८७२ मध्ये येथूनच उत्तीर्ण झाल्या. लँग्स्टन विद्यापीठाचे प्रभारी अध्यक्षही होते. परंतु कायम अध्यक्षपद विश्वस्तांनी नाकारले, तेव्हा १८७५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

१८७७ ते १८८५ या काळात ते हैती देशात अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी होते. १८८८ मध्ये व्हर्जिनियातून त्यांनी काँग्रेसची निवडणूक लढवली. प्रतिस्पर्ध्यास विजयी घोषित करण्यात आले. लँग्स्टन यांनी त्या निकालास आव्हान दिले. सप्टेंबर १८९० मध्ये सभागृहाने त्यांचा दावा मान्य केला, तेव्हा कार्यकाळाचे जेमतेम सहा महिने उरले होते. व्हर्जिनियातून पुढील कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून येण्यास १९९२ साल उजाडावे लागले.

१५ नोव्हेंबर १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हाती आलेली पदे अल्पकाळाची ठरली. उभारलेला विधी विभाग मात्र आजही वकील घडवीत आहे. शिकून वर गेलेल्या माणसाने मागे काय ठेवावे, याचे उत्तर आपल्या माजी विद्यार्थ्यांनी या चरित्रात अवश्य शोधावे.