पित्यानेच पाहिलेल्या फेऱ्या
आजचं वाचन : मत्तय 6:1-4

हा उतारा वाचला की मला जीनो बार्ताली आठवतो. 1914 साली फ्लॉरेन्सजवळच्या पोन्ते आ एमा गावात जन्मलेला हा सायकलपटू टस्कनीच्या चढांवर घडला. 1938 आणि 1948 ची टूर द फ्रान्स त्याने जिंकली, आणि समुद्रकाठाने जाणारी मिलान-सान रेमो शर्यत चार वेळा. तो मोठा श्रद्धाळू होता.

1943 मध्ये जर्मनांनी इटलीचा ताबा घेतला आणि ज्यूंची धरपकड सुरू झाली. तेव्हा फ्लॉरेन्सचे कार्डिनल दाल्ला कोस्ता यांनी त्याच्यावर एक काम सोपवलं. बार्ताली सायकलच्या पोकळ नळ्यांत फोटो आणि बनावट कागदपत्रं लपवायचा आणि डोंगर, जुनी गावं ओलांडत थेट असिसीपर्यंत जायचा. बघणाऱ्याला वाटायचं, सराव चाललाय. पकडला गेला असता तर जिवावरच बेतलं असतं. एका ज्यू कुटुंबाला त्याने आसराही दिला.

युद्धानंतर मात्र तो याबद्दल फारसं बोललाच नाही. 2000 साली तो वारला. याद वाशेमने त्याचा गौरव केला तो 2013 मध्ये.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे प्रत्येक गोष्टीची नोंद राहते. सायकलवर पाच किलोमीटर गेलो तरी ॲपवर दिसतं. म्हणून हा उतारा मला टोचतो : ज्याची नोंद कुठेच होणार नाही, असं चांगलं काम मी करीन का?

प्रभू, आज एक तरी काम फक्त तुझ्यासमोर करायला शिकव. आमेन.