लिंडले मरे : एक इंग्रजी व्याकरणकार

क्रियाविशेषण वाक्यांत कोठें ठेवावें, हा प्रश्न इंग्रजीच्या तासाला आमच्या विद्यार्थ्यांस फार छळतो. त्याचें उत्तर शालेय पुस्तकांत नियमरूपानें घालून ज्यांनीं तें घरोघर पोंचविलें, त्या लिंडले मरे यांचें चरित्र येथें थोडक्यांत देतों.

मरे यांचा जन्म १७४५ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत एका क्वेकर कुटुंबांत झाला. क्वेकर हा युद्ध व डामडौल यांपासून दूर राहणारा ख्रिस्ती पंथ होय. वडील मोठे व्यापारी, शिस्त कडक. एकदां त्यांच्या शिक्षेनें दुखावलेला लिंडले घर सोडून गेला, तो बर्लिंग्टन गांवच्या निवासी शाळेंत जाऊन दाखल झाला! घरून पळालेला मुलगा शाळेंत सांपडावा, याची पालकांस मौज वाटेल.

पुढें त्यांनीं न्यूयॉर्क येथें वकिली केली, व्यापारांत पैसाही मिळविला. परंतु चाळिशीच्या सुमारास स्नायूंच्या दुर्बलतेनें त्यांस घेरलें. हवापालटासाठीं १७८४ सालीं ते पत्नी हॅना हिच्यासह इंग्लंडास निघाले व यॉर्कजवळ होलगेट येथें राहिले. प्रकृति सुधारतांच परतावें असा बेत होता; तो सिद्धीस गेला नाहीं. चालणें हळूहळू बंद पडलें. शेवटचीं कित्येक वर्षें तर त्यांनीं घराबाहेर पाऊल टाकलें नाहीं.

यॉर्क येथें क्वेकर मुलींची एक शाळा होती. तेथील शिक्षिकांनीं व्याकरणाच्या सोप्या पुस्तकासाठीं मरे यांस गळ घातली, आणि या दुखणेकरी गृहस्थांनीं १७९५ सालीं ‘इंग्लिश ग्रामर’ प्रसिद्ध केलें. बिशप लौथ आदि पूर्वींच्या ग्रंथकारांचें ऋण त्यांनीं लपविलें नाहीं. आपण संकलक आहों, असेंच ते मानीत. इंग्लंड-अमेरिकेंत पुस्तकाच्या लाखों प्रती खपल्या. उत्पन्न त्यांनीं परोपकारास दिलें.

त्यांचा नियम असा : क्रियाविशेषण बहुधा विशेषणापूर्वीं व क्रियापदानंतर यावें, आणि साहाय्यकारी क्रियापद असल्यास पुष्कळदां तें व मुख्य क्रियापद यांच्या मध्यें यावें. ‘मीं पत्र आधींच लिहिलें आहे’ या मराठी वाक्यांत ‘लिहिलें’ व ‘आहे’ हे शब्द हातांत हात घालून उभे असतात; मध्यें कोणी शिरावें हें आमच्या मुलांच्या ध्यानींही येत नाहीं. इंग्रजींत मात्र ‘आय हॅव ऑलरेडी रिटन द लेटर’ असें मध्येंच शिरावें लागतें. ‘नेव्हर’ व ‘जस्ट’ यांचेंही तेंच. ‘येट’ मात्र बहुधा शेवटीं बसतें. ‘मीं काम नीट केलें आहे’ याचें ‘आय हॅव डन वेल माय वर्क’ करणारे विद्यार्थी दरवर्षीं भेटतात. तेथें ‘वेल’ कर्मानंतर हवें. या काळांतील क्रिया संपली तरी तिचा वर्तमानाशीं संबंध तुटलेला नसतो, हेंही मरे समजावून देतात. म्हणूनच या वाक्यांत ‘येस्टरडे’ला जागाच नाहीं.

मरे यांस पुष्कळांनीं नियमांचे कठोर रखवालदार ठरविलें आहे. आम्हांस तें पुरतें पटत नाहीं. क्रियाविशेषणाच्या जागेविषयीं सर्व प्रसंगीं लागू पडेल असा नियम देतां येत नाहीं. वाक्याचा सहज ओघ व अर्थाची स्पष्टता हींच मुख्यतः पाहावींत, असें त्याच पुस्तकांत त्यांनीं सांगितलें आहे. परीक्षेच्या भीतीनें नियम घोकणारे नेमका हाच भाग गाळतात.

१८२६ च्या जानेवारींत मरे वारले. गुलामगिरींतील निग्रो लोकांची मुक्तता व त्यांच्या मुलांचें शिक्षण यांसाठीं त्यांनीं मृत्युपत्रांत द्रव्याची तरतूद करून ठेविली होती.