चार्ल्स बॅबेजची गिरणी

संगणकाचे नाव निघाले की आम्ही कला शाखेची मंडळी हळूच विषय बदलतो. मीही त्यांतलाच. पण यंदा चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाचे चरित्र हाती पडले आणि त्यात चक्क आमच्या घरचा माग भेटला! माझे आजोबा सोलापुरात गिरणीत होते, वडील चादरीच्या कारखान्यात जकार्डच्या मागावर. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर सरकताना मी लहानपणापासून पाहिली आहे. भोक असेल तेथला धागा उचलला जातो, नसेल तेथला राहतो. नक्षी सगळी त्या पुठ्ठ्यांत.

बॅबेज १७९१ साली लंडनमध्ये जन्मला. त्या काळी गणिताची कोष्टके माणसे हाताने तयार करीत आणि त्यांत चुका राहत. त्याच कोष्टकांच्या भरवशावर जहाजे समुद्रात जात. हे काम चाकांकडून का करून घेऊ नये, हा प्रश्न बॅबेजला आयुष्यभर पुरला. १८२२ साली त्याने लहानसे नमुना-यंत्र केले. मोठ्या यंत्रासाठी सरकारने पैसा दिला. १८२७ या एकाच वर्षात वडील, पत्नी आणि दोन मुले गेली. १८३३ साली कारागिराशी हिशेबावरून बिनसले आणि काम थांबले. १८४२ साली सरकारने हात झटकले तेव्हा सुमारे १७,००० पौंड खर्ची पडले होते.

दोष सगळा सरकारचा नव्हता, असे मला वाटते. पहिले यंत्र अर्धवट असतानाच, १८३४ साली, बॅबेजच्या डोक्यात दुसरे शिरले होते! पण ते असे होते की रागावताही येत नाही. पहिले यंत्र एकाच साच्याचे गणित करी. हे कोणतेही करणार होते. त्याचे दोन मुख्य भाग. एक कोठार : येथे आकडे उभ्या दांड्यांवरील दातेरी चाकांत साठवायचे. दुसरी गिरणी : आकडा कोठारातून येथे यायचा, बेरीज, वजाबाकी, गुणाकार किंवा भागाकार व्हायचा आणि उत्तर परत कोठारात. गिरणीत खुंट्या ठोकलेली पिंपे फिरत. कोणते चाक केव्हा हलायचे हे त्या खुंट्या ठरवीत. आणि या सगळ्यांना हुकूम कोणाचा? जकार्डच्या पुठ्ठ्यांचा! काही पुठ्ठे कोणती क्रिया करायची ते सांगणार, काही कोणता आकडा घ्यायचा ते. उत्तर पाहून पुठ्ठ्यांची माळ मागे-पुढे सरकवण्याचीही सोय होती. आजच्या संगणकाच्या प्रोसेसरमध्येही हिशेब करणारा भाग वेगळा, हुकूम देणारा वेगळा, आणि साठवण त्यांना जोडून, अशीच वाटणी असते. चाकांच्या जागी वीज आली एवढेच.

हातचा हा मात्र बॅबेजचा खरा शत्रू. ९९९९ मध्ये १ मिळवला की हातचा घरोघर फिरत जाणार आणि यंत्र ताटकळणार. सगळे हातचे एकदम जावेत अशी युक्ती त्याने अनेक आराखडे फाडून शोधली.

१८४३ साली एडा लव्हलेस या विदुषीने या यंत्रावरील एका फ्रेंच लेखाचा अनुवाद करून त्याला मूळ लेखाहून मोठ्या टिपा जोडल्या. यंत्र मात्र उभे राहिले नाही. उतारवयात बॅबेज रस्त्यावरच्या वाजंत्र्यांशी भांडत राहिला आणि १८७१ साली वारला. त्याच्या पहिल्या जातीच्या यंत्राचा सुधारलेला आराखडा घेऊन लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ साली ते यंत्र बांधले. ते बिनचूक चालले.

बॅबेजजवळ जकार्डचेच रेशमात विणलेले एक चित्र होते. त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते. दिवाळीत घरी गेलो तेव्हा हे मी वडिलांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढे पुठ्ठे ओवले कुणी रे?"