न्यूट्रिनोंच्या रूपांतराचा द्रष्टा : ब्रूनो पॉन्टेकॉर्व्हो

सूर्याच्या गाभ्यात जन्मलेले अब्जावधी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातात आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. विद्युतभार नसलेल्या या कणांचे इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ असे तीन प्रकार आहेत, आणि प्रवासात एका प्रकारचा न्यूट्रिनो दुसऱ्या प्रकारात बदलू शकतो. ही कल्पना प्रथम मांडली ती इटालियन भौतिकशास्त्रज्ञ ब्रूनो पॉन्टेकॉर्व्हो यांनी.

त्यांचा जन्म २२ ऑगस्ट १९१३ रोजी पिसाजवळील एका सधन ज्यू कुटुंबात झाला. रोममध्ये एन्रिको फर्मी यांच्या गटातील ते सर्वांत तरुण संशोधक होते. १९३४ मध्ये चांदीवर न्यूट्रॉनांचा मारा केला असता, लाकडी मेजावर आणि संगमरवरी मेजावर मिळणारा किरणोत्सार वेगवेगळा असतो, हे त्यांच्या आणि एदोआर्दो अमाल्दी यांच्या लक्षात आले. मंदगती न्यूट्रॉनांच्या शोधाची वाट या निरीक्षणातून मोकळी झाली. १९३६ मध्ये ते पॅरिसला जोल्यो-क्यूरी यांच्याकडे गेले. दोनच वर्षांत मुसोलिनीच्या वंशविषयक कायद्यांनी मायदेशाची दारे बंद केली. जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या वेशीवर आल्या, तेव्हा ते सायकलवरून शहराबाहेर पडले आणि पुढे अमेरिकेला पोहोचले. तिथे तेलविहिरींच्या शोधात न्यूट्रॉनांचा उपयोग करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली.

युद्धकाळात ते कॅनडाच्या अणुप्रकल्पात रुजू झाले आणि चॉक रिव्हर येथील जड पाण्याच्या अणुभट्टीवर त्यांनी काम केले. तिथेच १९४६ मध्ये त्यांनी न्यूट्रिनो पकडण्याची युक्ती सुचवली. न्यूट्रिनोच्या आघाताने क्लोरीनच्या अणूचे किरणोत्सारी आर्गॉनमध्ये रूपांतर होते. म्हणून क्लोरीनयुक्त द्रवाची मोठी टाकी ठेवावी आणि तीत तयार झालेले आर्गॉनचे मोजके अणू वेगळे काढून मोजावेत.

पुढे ते ब्रिटनच्या हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रात आले. १९५० च्या उन्हाळ्यात इटलीत सुट्टीवर असताना पत्नी व तीन मुलांसह ते स्टॉकहोममार्गे हेलसिंकीला गेले आणि तिथून नाहीसे झाले. १९५५ मध्ये ते सोव्हिएत संघात जाहीरपणे प्रकट झाले. हेरगिरीचा संशय त्यांच्यावर कायम राहिला. गुन्हा मात्र कधी शाबीत झाला नाही.

या निर्णयाची किंमत त्यांच्या विज्ञानाला मोजावी लागली. मॉस्कोच्या उत्तरेस दुब्ना येथे काम करताना त्यांनी १९५७ मध्ये न्यूट्रिनोंच्या दोलनाची कल्पना मांडली. म्यूऑनबरोबर जन्मणारा न्यूट्रिनो वेगळा आहे का, हे त्वरकाच्या साहाय्याने कसे तपासावे, तेही त्यांनी १९५९ मध्ये लिहिले. पण त्यासाठी लागणारे यंत्र त्यांच्या हाताशी नव्हते. स्वतंत्रपणे त्याच विचारापर्यंत आलेल्या लेडरमन, श्वार्ट्झ व स्टाइनबर्गर यांनी १९६२ मध्ये ब्रुकहेवन येथे तो प्रयोग यशस्वी केला आणि १९८८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

क्लोरीनची पद्धत रेमंड डेव्हिस यांनी अमेरिकेतील होमस्टेक सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर राबवली. १९६८ पासून मिळत गेलेले आकडे कोड्यात टाकणारे होते : अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश न्यूट्रिनो सापडत होते. पॉन्टेकॉर्व्हो यांनी असा तुटवडा आधीच संभाव्य मानला होता. १९६९ मध्ये व्लादिमिर ग्रिबॉव्ह यांच्यासह त्यांनी त्याचा अर्थ लावला : वाटेत प्रकार बदललेले न्यूट्रिनो या टाकीला दिसतच नाहीत. बहुतेक शास्त्रज्ञांनी मात्र सूर्याच्या गणितावर किंवा प्रयोगावरच शंका घेतली.

मायदेशी जाण्याची परवानगी त्यांना १९७८ मध्ये मिळाली. तोवर कंपवाताने त्यांना ग्रासले होते. २४ सप्टेंबर १९९३ रोजी दुब्ना येथे त्यांचे निधन झाले. अस्थींचा अर्धा भाग तिथे आणि अर्धा रोममध्ये विसावला आहे.

पुरावा त्यानंतर आला. १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगात पृथ्वीच्या आरपार आलेले म्यूऑन न्यूट्रिनो वाटेत घटलेले आढळले. २००२ पर्यंत कॅनडातील सडबरी येथील प्रयोगाने सर्व प्रकार एकत्र मोजले, तेव्हा सूर्याच्या न्यूट्रिनोंचा हिशेब पूर्ण जुळला. न्यूट्रिनोला वस्तुमान असते, हेही त्यातून निश्चित झाले. या दोन्ही शोधांना २०१५ चे नोबेल मिळाले. सडबरीच्या टाकीत एक हजार टन जड पाणी होते, आणि ती खाण चॉक रिव्हरच्याच ओंटारिओ प्रांतात आहे.