लोकमान्यांचा मधुमेह

लोकमान्य टिळक आमच्या नगरला येऊन गेले, हे केडगावातील फार थोड्यांना ठाऊक असेल. ३१ मे व १ जून १९१६ रोजी त्यांनी नगरला स्वराज्यावर दोन व्याख्याने दिली. ती सरकारला इतकी झोंबली की, बेळगावच्या व्याख्यानासह त्यांचा ठपका ठेवून त्यांच्याकडे वीस हजारांचा जातमुचलका मागण्यात आला. नोटीस हाती पडली तो दिवस त्यांच्या साठीचा होता. पुढे नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. पण नगरच्या व्यासपीठावर उभे राहिलेले हे गृहस्थ मधुमेहाचे जुने रोगी होते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात नसते. मला तीच अधिक विचार करण्यासारखी वाटते.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. मूळची प्रकृती किरकोळ. डेक्कन कॉलेजात आल्यावर पहिले वर्ष त्यांनी पुस्तकांऐवजी व्यायामाला, कुस्तीला आणि पोहण्याला दिले. (आपल्यापैकी कोणी असे केले तर हजेरीपट काय बोलेल ते सांगायला नको!) शरीर मात्र असे कमावले की, पुढची चाळीस वर्षे त्याने धकाधकी सोसली. न्यू इंग्लिश स्कूल, केसरी, १८९७ चा राजद्रोहाचा खटला हे सर्वांना माहीत आहे. त्याचा विस्तार करीत नाही.

२२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली व ते मंडालेला गेले. वय बावन्न आणि अंगात मधुमेह. त्या काळी हा रोग ओळखायचा तो लघवीवरून. फेलिंगच्या निळ्या द्रावणात लघवी घालून तापवीत. साखर असली तर तांबडा साका बसे. पण रक्तातली साखर शंभर मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. म्हणजे रोग घरात ठाण मांडून बसल्यावर ही परीक्षा वर्दी देणार! बोटाच्या एका थेंबावर रक्त तपासण्याची सोय तेव्हा नव्हती. औषधही नव्हते. उपाय एकच, पथ्य. मंडालेत टिळकांनी जवाच्या पिठाचे खाणे धरले आणि जिभेवर ताबा ठेवला. त्याच कोठडीत १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहिले. जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई वारल्याची बातमी त्यांना तेथेच कळली. ग्रंथाचे कौतुक सारे करतात; त्या पथ्याचे कौतुक कोणी करीत नाही.

हे मला का सुचले ते सांगतो. आमचे अण्णा हमाली करतात. साखरेचा रोग बसून खाणाऱ्यांना होतो, अशी आमच्या घरात सर्वांची खात्री होती. अण्णांच्या पायाची जखम दोन महिने भरेना तेव्हा रक्त तपासले. उपाशीपोटी २१२ निघाली. नंतर आशाताई घरी आल्या. तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी करायची म्हणाल्या. आई उठेचना. मला काय धाड भरली आहे, हे तिचे म्हणणे. शेवटी अण्णांनीच तिला दामटून नेले. तिची उपाशीपोटी ११८ आली. १०० च्या आत असावी, १२६ झाली की मधुमेह. आई मधल्या वाटेवर आहे. अजून गोळी नाही. चहातली साखर सुटली, आणि पहाटे ती रेणुकामातेच्या देवळापर्यंत चालत जाते. अशी मधली वाट लोकमान्यांना कोणी दाखवू शकले नसते, कारण लघवीत ती दिसतच नाही.

१९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटले. विश्रांती घेण्याचे वय झाले होते. त्यांनी होमरूलसाठी गावोगाव दौरे काढले, १९१८ साली विलायतही गाठली. १९२० च्या जुलैत मुंबईस त्यांना ताप आला, त्यात न्यूमोनिया झाला. १ ऑगस्टला सरदारगृहात त्यांचे निधन झाले. ६४ वर्षे नुकतीच पुरी झाली होती. त्यानंतर सतरा महिन्यांनी, ११ जानेवारी १९२२ रोजी, कॅनडातील टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मधुमेही मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले.