संस्थान आणि स्त्रीराज्य : काशीबाई कानिटकर यांचे जीवन व लेखन

मराठी वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत काशीबाई कानिटकर (१८६१-१९४८) यांचा उल्लेख येतो तो बहुधा दोन कारणांसाठी. एक, मराठीतील आद्य स्त्री-कादंबरीकारांत त्यांची गणना होते. दुसरे, हरि नारायण आपटे यांच्याशी त्यांचा दीर्घ वाङ्मयीन स्नेह होता. पैकी पहिल्या मुद्द्याबाबत थोडी सावधगिरी हवी, कारण साळूबाई तांबवेकर यांची 'चंद्रप्रभाविरहवर्णन' १८७३ मध्येच प्रसिद्ध झाली होती. दुसऱ्या मुद्द्याने मात्र काशीबाईंचे नुकसानच अधिक केले आहे. 'पालखीचा गोंडा' (१९२८) ही त्यांची सर्वांत स्वतंत्र कृती त्यामुळे झाकोळली गेली. स्त्रियांच्या हाती राज्यकारभार असलेल्या कल्पित समाजाचे चित्र रंगविणारी ही कादंबरी स्त्रीवादी विज्ञानकथेच्या अगदी शेजारी नांदते. तिच्यात यंत्रे नाहीत. आणि ती का नाहीत, याचे उत्तर काशीबाईंच्या चरित्रात शोधावे लागते.

त्यांचा जन्म २० जानेवारी १८६१ रोजी आष्टे (आताचा सांगली जिल्हा) येथे सुखवस्तू घरात झाला. मुलीला अक्षरओळख करून देण्याची रीत त्या घरात नव्हती. नवव्या वर्षी गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी विवाह झाला. गोविंदराव पुढे कवी, वकील व न्यायाधीश म्हणून नावारूपास आले. पत्नी सुशिक्षित असावी ही त्यांची अपेक्षा होती, तर सासरच्या एकत्र कुटुंबात स्त्रीने पुस्तक हाती धरणे हाच अपराध होता. काशीबाई शिकल्या त्या या दोहोंच्या कात्रीत सापडून, चोरून आणि प्रथमतः पतीचे मन जिंकण्यासाठी.

येथे एक अवांतर, पण आम्हा वाशीमकरांना सहज सुचणारी गोष्ट नमूद करावीशी वाटते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह याच नगरात लावून दिला आहे. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाला वश करण्यासाठी पार्वतीने निर्माण केलेली ही वधू देशोदेशी त्याच्या मागे हिंडते. एकोणिसाव्या शतकातील सुधारकांच्या घरांतही विद्येची वाट पुष्कळदा अशीच नवऱ्याच्या मागून जात होती. काशीबाईंचे वेगळेपण असे की त्या तेथे थांबल्या नाहीत.

पतीचे साहाय्य मोलाचे होते यात शंका नाही. मिल्लच्या स्त्रीविषयक ग्रंथाचा गोविंदरावांनी केलेला अनुवाद १९०२ मध्ये निघाला. 'मनोरंजन आणि निबंधचंद्रिका' या मासिकाशी त्यांचा निकटचा संबंध होता आणि काशीबाईंची 'रंगराव' ही कादंबरी तेथेच क्रमशः येऊ लागली. ती पुस्तकरूपाने १९०३ मध्ये प्रसिद्ध झाली. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला उपस्थित राहिलेल्या मोजक्या स्त्री-प्रतिनिधींत पंडिता रमाबाईंबरोबर काशीबाईही होत्या. आपट्यांशी चाललेला पत्रव्यवहार १९२९ मध्ये ग्रंथबद्ध झाला. 'चांदण्यातील गप्पा' (१९२१) आणि 'शिळोप्याच्या गोष्टी' (१९२३) हे कथासंग्रह वाचनीय असले तरी प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने गौण होत.

त्यांच्या लेखनाचे खरे वळण डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात आहे. आनंदीबाईंना १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी मिळाली. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागासाठी त्यांची नेमणूक केली. ती जागा स्वीकारण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात त्यांचा क्षयाने अंत झाला. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कॅरोलिन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये बॉस्टनला निघाले. पाठोपाठ १८८९ मध्ये काशीबाईंचे मराठी चरित्र आले आणि १९१२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. पत्नीला शिकविण्यासाठी मारझोड करणाऱ्या पतीचे चित्र काशीबाईंनी लपविलेले नाही. परंतु मला अधिक महत्त्वाची वाटते ती कोल्हापूरची नेमणूक. एका हिंदू स्त्रीला सरकारी हुद्दा देऊ केला जातो, आणि तो देऊ करते एक संस्थान.

ही रिकामी राहिलेली जागा काशीबाईंच्या मनात चाळीस वर्षे घर करून राहिली असावी, असे माझे मत आहे. 'पालखीचा गोंडा'ची नायिका वैभवाच्या लोभापायी एका मतिमंद संस्थानिकाच्या गळ्यात बांधली जाते. पुढे राज्यसूत्रे तिच्याच हाती येतात आणि ती शिक्षण, अधिकार व नोकऱ्या यांची दारे स्त्रियांना उघडून देते. रुकय्या सखावत हुसेन यांच्या 'सुलतानाज ड्रीम'मध्ये (१९०५) स्त्रिया सूर्याच्या उष्णतेने शत्रूला पिटाळतात, हवाई गाडीतून फिरतात आणि पुरुष जनानखान्यासारख्या बंदिस्त जागेत राहतात. शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या 'हरलँड'मध्ये (१९१५) पुरुषच उरलेले नाहीत. काशीबाईंना अशा कशाचीच गरज भासत नाही. त्यांची कल्पना दप्तर, नेमणूकपत्र आणि शाळा यांवर उभी राहते, कारण हुकमाने समाज बदलता येतो हे त्यांच्या पिढीने प्रत्यक्ष पाहिले होते. बडोदे संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्येच सर्वत्र लागू झाले होते. म्हणून या कादंबरीतील अद्भुत वाचकाला शेजारच्या संस्थानात घडू शकेल इतके जवळचे वाटते.

कादंबरी म्हणून तिच्यात उणिवा आहेत. बोधाचा भार कथानकाला पेलत नाही. सुधारणा वरून खाली येते. राणीला राजवैभव लाभले नसते तर काय, हा प्रश्न लेखिका स्वतःला विचारीत नाही. त्याहून बोचरी बाब अशी की, हे राज्य उभे राहण्यासाठी आधी पती अकार्यक्षम असावा लागतो. उदार, सहकार्य करणाऱ्या पतीच्या घरात आयुष्य काढलेल्या लेखिकेने ही अट घालावी, याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा काशीबाई सदुसष्ट वर्षांच्या होत्या आणि गोविंदरावांना जाऊन (१९१८) दहा वर्षे लोटली होती.

काशीबाईंचे निधन ३० जानेवारी १९४८ रोजी झाले. त्याच दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. पुढे सरोजिनी वैद्य यांनी त्यांचे अपुरे आत्मचरित्र चरित्रासह संपादित केले, आणि २००८ मध्ये मीरा कोसंबी यांच्या इंग्रजी ग्रंथामुळे 'पालखीचा गोंडा' मराठीबाहेरच्या अभ्यासकांसमोर आली.